काळवंडलेलं गुराख्यांचं चित्र आणि बटाट्याखाली निघालेलं निळं झाड

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात आजेसासऱ्यांच्या वेळेपासून एक तैलचित्र आहे, साधारण तीन फूट बाय सव्वादोन. ओढ्यात उतरलेल्या गाई, दोन शेळ्या, गाढवावर बसलेली बाई, काठी टेकून उभा असलेला गुराखी, मागे पडकी कमान आणि डोंगर. चित्र खूप काळं पडलंय. दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या कोणीतरी उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यावर बटाट्याची फोड फिरवली. मळ निघाला, पण हिरवट दिसणारं झाड खालून चक्क निळं निघालं. तर हिरवा रंग पुसला गेला का? खाली कोपऱ्यात ‘बेर्गेम’ असं काहीसं लिहिलंय, म्हणजे चित्र अस्सल आहे का? ते साफ कसं करायचं? आणि पुतण्या अमेरिकेला नेतो म्हणतोय, नेता येईल का?

मी गेली सव्वीस वर्षं तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम करते. फोटोवरून शेवटचा निकाल कुणीच देऊ नये, मीही देणार नाही. पण तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून बरंच बोलता येईल.

आधी जीव भांड्यात पडू दे. हिरवा रंग तुम्ही पुसलेला नाही. बटाट्याच्या पाण्याने वाळलेला जुना तैलरंग सहसा निघत नाही. निघाला तो वरचा धूर: उदबत्ती, निरांजन, पूर्वीचे कंदील, स्वयंपाकघरातली फोडणी. बटाटा फिरवण्याआधीही झाड निळंच होतं. वरच्या पिवळट-तपकिरी थरामुळे ते तुम्हाला हिरवट वाटत होतं, इतकंच. निळ्यावर पिवळी काच धरली तर हिरवंच दिसणार.

मग झाड निळं का? चित्रावरचं ‘बेर्गेम’ हे नाव सतराव्या शतकातल्या एका डच चित्रकाराचं आहे, आणि त्या काळातले डच चित्रकार पानांचा हिरवा बऱ्याचदा थेट डबीतून काढत नसत. तेव्हा चांगला, टिकाऊ हिरवा मिळणं कठीण होतं. निळ्यात पिवळा मिसळून हिरवा करायचा, किंवा निळ्यावर पिवळ्याचा पातळ थर द्यायचा, अशी रीत होती. हा पिवळा वनस्पतींपासून काढलेला असे. विशिष्ट झुडपांच्या कच्च्या फळांचा किंवा रंगासाठी लावलेल्या रोपांचा रस घ्यायचा, तुरटी-खडूवर तो बसवायचा आणि त्याची पूड करायची. दिसायला सुरेख, पण उजेडात उडणारा. आपल्याकडे पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचं बोट लागलं तर बायका तो सदरा धुऊन उन्हात टाकतात आणि संध्याकाळपर्यंत डाग उडालेला असतो. तसंच इथे होतं, फक्त दीडदोनशे वर्षांत. पिवळा उडतो आणि निळा उरतो. युरोपातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतही त्या काळातल्या निसर्गचित्रांमध्ये अशी निळी झाडं टांगलेली आहेत, आणि कोणी ती परत हिरवी करत नाही. तुम्हीही करू देऊ नका. ‘थोडा टच-अप करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांनी लावलेला हिरवा दहा वर्षांत वेगळाच होईल आणि मूळ रंग त्याखाली गाडला जाईल.

आता नावाचं. हा चित्रकार म्हणजे निकोलास बेर्खेम, हॉलंडमधल्या हार्लेमचा, जन्म १६२०चा, मृत्यू १६८३मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला. वडील पीटर क्लास स्थिरचित्रांसाठी, म्हणजे टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या चित्रांसाठी नावाजलेले. मुलगा मात्र गुराखी, गाई, शेळ्या आणि इटलीतल्या सोनेरी संध्याकाळींकडे वळला. तो स्वतः इटलीला गेला होता की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे, पण त्याच्या चित्रांतला उजेड हॉलंडचा नाही हे कुणालाही दिसतं. त्याच्या सह्यांमध्ये ‘बेर्गेम’ आणि ‘बेर्खेम’ अशी दोन्ही स्पेलिंगं सापडतात, त्यामुळे स्पेलिंगवरून काहीच ठरत नाही. त्याने शेकडो चित्रं काढली, आणि त्यांवरून लोकांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापे काढले. ते छापे युरोपभर गेले आणि पुढची दीडशे-दोनशे वर्षं चित्रकार त्यांवरून जनावरं शिकले. शिवाय तुम्ही सांगता तो विषय, म्हणजे ओढा, गाई, गाढवावरची बाई आणि पडकी कमान, हा त्याचा पुष्कळ नक्कल झालेला साचा आहे. तेव्हा खरं सांगायचं तर तुमचं चित्र बेर्खेमच्या हातचं असण्याची शक्यता फार कमी आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली प्रत असण्याची शक्यता जास्त. अशा प्रती इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानाबरोबर आल्या, ते परत जाताना लिलावात विकल्या गेल्या आणि पारशी शेटियांच्या बंगल्यांत, संस्थानिकांच्या वाड्यांत, वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत पोचल्या. त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या प्रतीवर मी मूळ चित्राइतक्याच आनंदाने काम केलंय.

अंदाज बांधण्यासाठी चित्र आधी उलटं करा. पुढून बघायचा मोह टाळा. दोघांनी मिळून ते टेबलावर चादर घालून पालथं न ठेवता, पाठ आपल्याकडे येईल असं भिंतीला टेकवून उभं करा, कारण पोपडे सुटलेले असतील तर पालथं ठेवल्यावर ते चादरीला लागतील. आता टॉर्च घ्या. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिच्या कोपऱ्यांत छोट्या लाकडी पाचरा आहेत का पाहा. कापड सैल पडलं की त्या ठोकून चौकट फाकवतात. ही सोय अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रुळली, पण जुनं चित्र नंतर नव्या चौकटीवर चढवलेलंही असू शकतं, म्हणून एकट्या पाचरेवर भिस्त नको. कापड कडेला लोखंडी खिळ्यांनी ठोकलंय की स्टेपलरच्या पिनांनी, तेही पाहा. पिना असतील तर निदान ते ताणकाम गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं आहे. कापडाच्या मागे शिक्का असेल तर तो सोन्यासारखा. लंडनचे रंग-कॅनव्हास विकणारे, उदाहरणार्थ १८३२मध्ये सुरू झालेलं विन्सर अँड न्यूटन, तयार कॅनव्हासच्या पाठीवर आपलं नाव-पत्ता छापत. दुकानाचे पत्ते बदलत गेले, त्यामुळे शिक्क्यावरून कापड कुठल्या वर्षांतलं ते बऱ्यापैकी ठरवता येतं. आणि असा शिक्का मूळ कापडावरच मिळाला, मागून चिकटवलेल्या दुसऱ्या कापडावर नव्हे, की बेर्खेमचा विषय तिथेच मिटतो.

कापडाच्या मागे आणखी एक कापड चिकटवलेलं दिसलं तर तेही लिहून ठेवा. याला लाइनिंग म्हणतात. जुना कॅनव्हास कुजायला लागला की त्याला नव्याचा आधार देत. युरोपात खळ-सरसाने केलेलं लाइनिंग आपल्या पावसाळ्यात बुरशीचं घर होतं. मागून पांढरट-करडे ठिपके किंवा दमट वास असेल तर मला सगळ्यांत आधी तेच कळायला हवं. अस्सल-नक्कल नंतर.

एक शंका आधीच दूर करा: हे हाताने काढलेलं चित्रच आहे ना? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तैलचित्रांसारखे दिसणारे दगडछापे निघत, ज्यांना ओलिओग्राफ म्हणतात. आपल्याकडे रविवर्मा प्रेसमुळे हा शब्द घराघरांत पोचला. ते कापडावर चिकटवून वर वॉर्निश फासत, कधी ब्रशचे खोटे उठावही दाबून काढत. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन गाईच्या पाठीवर पाहा. बारीक ठिपक्यांची दाटी दिसली तर छापा. रंग एकमेकांत सरकलेले, कुठे जाड कुठे पातळ दिसले तर ब्रश. उठाव रंगाच्या कडांशी जुळत नसेल, म्हणजे उंचवटा एकीकडे आणि रंग बदलतो दुसरीकडे, तरीही छापाच.

आता पुढून. इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण गुराख्यांच्या चित्रात खरं काय ते जनावरंच सांगतात.

चित्रकार तयारीचा असेल तर जनावरांचे कळप तो उजेडाने बांधतो. फिकी गाय गडद काठासमोर, तांबडी गाय उजळ पाण्यासमोर, आणि एखादी शेळी दोघींच्या मधली फट भरायला. चित्राकडे डोळे किलकिले करून पाहा. सगळी गुरं मिळून एकच आकार दिसला पाहिजे आणि तरीही प्रत्येकीची पाठ वेगळी कळली पाहिजे. नक्कल करणारा डोकी आणि शिंगं मन लावून काढतो, कारण आपलं लक्ष तिकडे जातं. तो फसतो पायांत. खूर जमिनीला टेकतो तिथे वजन येतं, माती किंचित दबते, सावली खुराला चिकटून निघते. कच्च्या हाताच्या चित्रात गाई जमिनीपासून बोटभर वर तरंगतात. पाण्यात पाय शिरतो त्या रेषेवर तर भिंग धराच. जाणता चित्रकार तिथे एकच आडवा फिकट फटकारा मारतो, पाणी पायाभोवती वळल्यासारखा. नवखा पाय तसाच खाली काढत नेतो आणि वरून निळा रंग चोपडतो. मान आणि खांदा जुळतो ती जागा दुसरी. लोकर तिसरी: ओल्या रंगावर जवळजवळ कोरडा ब्रश ओढला की लोकर आपोआप उमटते, पण ज्याला ते जमत नाही तो एकेक कुरळा केस काढत बसतो.

जनावर म्हणजे काय ते पाहायचं असेल तर डच चित्रकार पॉलुस पोटरचा ‘बैल’ पाहा, १६४७चा, हेगच्या माऊरित्सहाउस संग्रहालयातला. चित्र जवळजवळ साडेतीन मीटर रुंद, बैल खऱ्या बैलाएवढा, अंगावर माश्या, खाली बेडूक, वर आभाळात चंडोल. काढला तेव्हा पोटर २१-२२ वर्षांचा होता आणि २८व्या वर्षी तो गेला. आधी नुसता बैलच काढायचा बेत होता, मग त्याने कॅनव्हासला पट्ट्या जोडून गुराखी, गाय आणि मेंढरं घातली. आणि गंमत म्हणजे तो बैल एका जनावरावरून काढलेला नाही. अंगाचे काही भाग लहान वयाच्या बैलाचे, काही मोठ्याच्या. तरीही समोर उभं राहिलं की तो श्वास घेतोय असं वाटतं. म्हणून कुणी तुम्हाला ‘गाईच्या अंगाचं प्रमाण चुकलंय, म्हणजे चित्र नकली’ असं सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

माझा स्वतःचा डोळा एका धनगराने सुधारला. संगमनेरच्या बाजूला एका वाड्यात अशाच एका चित्राचं काम करत होते. वाड्यामागे मेंढ्यांचा वाडगा बसला होता, शेतात खत म्हणून. त्यातले एक म्हातारबाबा पाणी मागायला आले आणि चित्रापुढे उभे राहिले. मी चित्राची नोंद ‘सकाळी गुरं पाण्यावर नेताना’ अशी केली होती. बाबा म्हणाले, “ही पिऊन झालेली हायेत बाई. पाण्यावर येनारं जनावर मान खाली घालूनच येतं. ही कशी मागं बघत्यात, थांबल्यात. आता घराकडं हाकायची.” मी परत पाहिलं. आभाळाचा पिवळा पश्चिमेचा होता, सावल्या लांब आणि आमच्याकडे पडलेल्या. नोंद खोडून ‘संध्याकाळी परतताना’ असं लिहिलं. तुमच्या चित्रातल्या गाईंच्या माना कशा आहेत, ते मला जरूर कळवा.

छाप्यावरून केलेली प्रत ओळखायची एक खूण सांगते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसं दिसतं तसंच कोरलं तर कागदावर ते उलटं उतरतं, आरशातल्यासारखं. त्या छाप्यावरून रंगवलेल्या चित्रात गुराख्याची काठी डाव्या हातात जाते, सगळे डावखुरे होतात, उजेडाची बाजू बदलते. शिवाय छापा काळा-पांढरा असल्यामुळे कपड्यांचे रंग प्रत करणाऱ्याच्या मनचे. तुमचा गुराखी काठी कुठल्या हाताने टेकतोय ते पाहा.

सहीबद्दल एकच. भिंगाखाली सहीची अक्षरं रंगाच्या भेगांपाशी कशी वागतात ते बघा. चित्राबरोबरची सही भेगेपाशी तुटते, कारण रंग आणि सही एकत्रच तडकली. नंतर घातलेल्या सहीचा रंग भेगेत उतरलेला असतो. अतिनील दिव्याखाली जुनं राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लिहिलेली सही काळी, तरंगल्यासारखी दिसते. गावठी दिव्याने हा प्रयोग करायची गरज नाही, संवर्धकाकडे तो असतोच.

साफसफाईचं बोलू. बटाटा बंद. कांदा, पाव, लिंबू, साबण, गुलाबपाणी, सगळं बंद. बटाट्याचं पीठ भेगांमध्ये राहतं आणि आषाढ-श्रावणात त्यावर बुरशी धरते. उजवा कोपरा त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी टॉर्चने तपासत राहा. त्याहून वाईट म्हणजे तेल. ‘चकाकी येते’ म्हणून जवस किंवा खोबरेल चोळलेली चित्रं माझ्याकडे येतात. आठ दिवस ती झळाळतात, पुढे जवसाचं तेल वाळून काळं, चिवट होतं आणि खोबरेल वाळतच नाही, धूळ धरत राहतं. ते सोडवताना मूळ रंगाला धक्का लागायची भीती असते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका मेंढराच्या पाठीवरून असाच तेलाचा थर काढताना द्रावण एक क्षण जास्त ठेवलं आणि लोकरीवरची शेवटची फिकट फुंकर कापसावर आली. तांदळाएवढी जागा. ते चित्र आजही डोळ्यांसमोर आहे, आणि तेव्हापासून कापसाची काडी फिरवण्याआधी मी ती भिंगाखाली तीनदा थांबवते.

संवर्धक काय करेल? आधी सुटलेले पोपडे जागच्या जागी बसवेल. मग कडेला, नखाएवढ्या जागी, वेगवेगळी द्रावणं करून पाहील. पहिला थर धुळीचा, तो पाण्यावरच्या सौम्य द्रावणाने निघतो. खूपदा आम्ही चक्क थुंकीने ओली केलेली कापसाची काडी वापरतो, त्यातल्या पाचकरसांमुळे मळ सुटतो. (घरी करू नका. थुंकी तुमच्याकडेही आहे, पण रंग कुठे सुटलाय हे ओळखणारा डोळा लागतो.) दुसरा थर पिवळ्या वॉर्निशचा, तो काढायचा की पातळ करायचा हे बसून ठरवावं लागतं. आणि काळोखाचा तिसरा प्रकार कुठल्याच द्रावणाने जात नाही. त्या काळात बरेच चित्रकार कॅनव्हासला आधी तपकिरी अस्तर देत. वरचा शिशाचा पांढरा काळाबरोबर पारदर्शक होत जातो आणि खालचं अस्तर वर डोकावतं. म्हणून तुमच्या चित्रातली डावीकडची झाडी, दरीतली सावली धुऊनही काळीच राहील. ‘एकदम नव्यासारखं करून देतो’ म्हणणाऱ्याला चित्र देऊ नका, कारण तो काळोख घासूनच घालवता येतो, आणि घासला की चित्रच जातं.

कुठे न्यायचं? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे युरोपीय चित्रांचा टाटांचा संग्रहही आहे. एकदा जाऊन खऱ्या वॉर्निशखालची जुनी चित्रं डोळ्यांनी बघून या. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. किंमत आधी विचारू नका. आधी अवस्थेचा लेखी अहवाल फोटोंसह मागा. तो न देणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

तोवर चित्र बाहेरच्या भिंतीवर असेल तर आतल्या भिंतीवर हलवा. बाहेरची भिंत जूनपासून ओल धरते. कॅनव्हासमधला सरस ओलाव्याने सैल होतो आणि उन्हाळ्यात ताठतो, वरचा रंग तेवढा हलत नाही, म्हणून पोपडे सुटतात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल. वर चित्रदिवा लावू नका. देवघराच्या भिंतीला पाठीला पाठ असेल तर चालेल, समोर नको.

पुतण्याला सांगा, चित्र १०० वर्षांहून जुनं असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली ते पुरावशेष ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. सामानात गुंडाळून नेऊ म्हणाला तर तेही नको. कायद्याचं सोडा, जुना तैलरंग गुंडाळला की ओल्या पापडासारखा वळत नाही, भाजलेल्या पापडासारखा मोडतो.

शेवटी परत त्या निळ्या झाडाकडे येते, कारण तुमच्या चित्राचं वय काढायचा एक छान मार्ग तिथे दडलाय. फ्रेमच्या खाचेत कॅनव्हासची बोटभर कड कायम झाकलेली असते. तिथे उजेड कधी पोचलेला नसतो. चांगल्या फ्रेमवाल्याला घरी बोलवा, चित्र सरळ उभं धरून फ्रेम काढून घ्या, आणि झाड जिथे फ्रेमखाली शिरतं ती उजवीकडची कड खिडकीच्या उजेडात पाहा. झाकलेली पट्टी हिरवी आणि बाकीचं झाड निळं असेल तर पिवळा याच कॅनव्हासवरून उडालाय, म्हणजे चित्रकाराने हिरवं झाडच काढलं होतं आणि त्याने बराच काळ उजेड खाल्लाय. पण झाकलेल्या पट्टीतही झाड निळंच असेल, तर प्रत करणारा एखाद्या जुन्या चित्रातल्या, आधीच निळ्या पडलेल्या झाडासमोर बसला होता आणि त्याने जसं दिसलं तसं इमानाने उतरवलं. त्या पट्टीचा फोटो फ्लॅश न मारता काढा, शेजारी पांढरा कागद धरून, आणि मला पाठवा.